कर्नल डीबगिंगसाठी सिरियलचा स्पीड: आकडा एक, जागा सहा

ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा) मेनू छान दिसला, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लोड होतोय अशी एक ओळही आली आणि मग स्क्रीनवर नुसते चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, गिचमिड. सिरियल केबल लावून कर्नल डीबग करायला पहिल्यांदा बसलेल्या माणसाला हे दिसतंच, मलाही दिसलं, आणि मी तासभर केबल दाबत, काढत, परत लावत बसलो होतो. केबलला काहीही झालेलं नव्हतं. खरं तर तेव्हाच कळायला पाहिजे होतं, कारण पहिल्या चार ओळी नीट आल्या म्हणजे तार ठीकच असणार, मधेच बदलला तो स्पीड. मी कर्नलच्या कमांड लाइनवर नुसतं कन्सोल=टीटीवायएस० लिहिलं होतं, पुढे आकडा दिलाच नव्हता, आणि आकडा दिला नाही तर लिनक्स ९६०० (सेकंदाला इतके बिट) धरतो. ग्रब बोलत होता ११५२०० वर, कर्नल सुरू झाला ९६०० वर, आणि माझ्या लॅपटॉपवरचा टर्मिनल बिचारा ११५२०० वरच कान देऊन बसलेला.

तर हा लेख त्याबद्दल. मुख्यतः लिनक्सच्या केजीडीबीबद्दल, म्हणजे कर्नलमध्येच असलेल्या डीबगरबद्दल लिहितोय, शेवटाकडे विंडोजचंही थोडं आहे. एक सांगून ठेवतो, कमांड मी इथे देवनागरीतच लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे, आणि लिनक्सचे कॉन्फिग पर्याय, ग्रबच्या फाइलमधली ग्रब_ ने सुरू होणारी नावं, पोर्टच्या नावातले एस, यूएसबी, एएमए आणि एसटीटीवायचा -एफ सोडले तर सगळं लहान लिपीत.

ज्या मशीनचा कर्नल थांबवून तपासायचा ते टार्गेट, आणि ज्यावर आपण जीडीबी हा डीबगर घेऊन बसतो ते होस्ट. माझ्याकडे टार्गेट म्हणजे एक जुना डेस्कटॉप ज्याला मागे खराखुरा नऊ पिनांचा कॉम पोर्ट आहे, आणि होस्ट म्हणजे लॅपटॉप अधिक यूएसबी-सिरियल अॅडॉप्टर. उलटं चालत नाही बरं का. टार्गेटला यूएसबी अॅडॉप्टर लावून केजीडीबी होत नाही, कारण ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा ती खूण) लागला की सगळे सीपीयू थांबतात, इंटरप्ट बंद, आणि त्या अवस्थेत कर्नलला पोर्टकडे स्वतः जाऊन "आलं का काही, आलं का काही" असं विचारत राहावं लागतं. साध्या १६५५० जातीच्या चिपला तसं विचारता येतं, यूएसबीचा अख्खा डोलारा त्या वेळी झोपलेला असतो. म्हणून टार्गेटचा पोर्ट बोर्डावरचाच पाहिजे, नाहीतर पीसीआय कार्डावरचा.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय आकडे नुसते पाठ होतात

सिरियलवर साधारण सेटिंग असतं आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. त्यात सुरुवातीचा स्टार्ट बिट धरा, म्हणजे एका बाइटला दहा बिट. मग ११५२०० स्पीडला सेकंदाला ११५२० बाइट आणि ९६०० ला फक्त ९६०. आता जीडीबी मेमरी मागतो तेव्हा उत्तर हेक्स अक्षरांत येतं, म्हणजे एका बाइटची दोन अक्षरं. ४ केबीचं एक पान वाचायचं तर ८१९२ अक्षरं. ९६०० वर साडेआठ सेकंद. ११५२०० वर पाऊण सेकंदाच्याही आत. एकच स्ट्रक्चर बघायला चहा करून यावं लागेल असा तो फरक आहे, त्यामुळे ९६०० वर डीबग करायचं मनातही आणू नका, अगदीच लांब आणि वाईट केबल असेल तरच.

आणि ११५२०० हाच आकडा का? जुन्या पीसीच्या सिरियल चिपला घड्याळ मिळतं १.८४३२ मेगाहर्ट्झचं, चिप त्याला आधी १६ ने भागते, उरतात ११५२००, आणि त्याला आपण दिलेल्या पूर्णांकाने आणखी भागते. १ ने भागलं तर ११५२००, २ ने ५७६००, ३ ने ३८४००, १२ ने ९६००. एकापेक्षा लहान भाजक नाही, म्हणून साध्या कॉम पोर्टला त्याच्या वर जाताच येत नाही. मधला कुठला तरी आकडा, समजा १,००,०००, मागितला तर नेमका तो मिळणारच नाही. दोन्ही बाजूंचा मिळून फरक चार-पाच टक्क्यांच्या पुढे गेला की शेवटचे बिट चुकायला लागतात. १६ मेगाहर्ट्झ घड्याळाच्या एखाद्या बोर्डावर १६ ने भागून ११५२०० काढायला जा, भाजक येतो ८.६८, तो होतो ९, आणि खरा स्पीड निघतो १११११১, तो साडेतीन टक्के कमी. समोरची बाजू अचूक असेल तर चालून जातं, समोरचीही जरा सरकलेली असेल तर दहातलं एक पॅकेट फुटतं, आणि अधूनमधून येणारी अशी चूक पूर्ण बंद पडण्यापेक्षा जास्त डोकं खाते.

तार आणि होस्ट

दोन मशीन एकमेकांना जोडायला नल मोडेम केबल लागते, म्हणजे २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट आणि ५ नंबर ग्राउंड सरळ. मी पहिली केबल बुधवार पेठेतून आणली ती दिसायला अगदी तशीच पण आतून सरळ निघाली. मल्टिमीटर लावा, एका टोकाची २ दुसऱ्या टोकाच्या ३ ला बीप देते का बघा, अर्धं मिनिट लागतं. आणि बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या पिनांना पीसीचा कॉम पोर्ट थेट लावू नका, त्यावर उणे-अधिक दहा-बारा व्होल्ट सहज असतात, पिन जळते.

मग होस्टची बाजू एकटीच तपासा. अॅडॉप्टरच्या टोकाला २ आणि ३ पिना एका जंपरने जोडा, पिकोकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा:

पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

टाइप केलेलं अक्षर परत दिसलं, जंपर काढल्यावर दिसेनासं झालं, तर अॅडॉप्टर ठीक. पण ही टेस्ट स्पीडबद्दल काहीही सांगत नाही हे विसरू नका, कारण पाठवणारा आणि ऐकणारा एकच आहे, दोघंही सारखेच चुकतील.

परमिशन नाही असं आलं तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. अॅडॉप्टर लावल्या लावल्या पोर्टच गायब होत असेल आणि आत सीएच३४० चिप असेल तर उबंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीचा बीआरएलटीटीवाय त्याला आपला समजून घेऊन टाकतो, गरज नसेल तर ते पॅकेज काढा. मोडेममॅनेजर हा दुसरा शहाणा, नवीन पोर्ट दिसला की मोडेम आहे का विचारायला एटी कमांड पाठवून बघतो. डीबगिंगपुरता बंद ठेवा.

आता त्या सहा जागा

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो म्हणून इथे सावकाश जाऊ. एका तारेवर पाठोपाठ वेगवेगळे प्रोग्रॅम बोलतात आणि प्रत्येकाचा स्पीड वेगळ्या ठिकाणी लिहिलेला असतो.

पहिली जागा बायोस. सर्व्हर बोर्डांवर कन्सोल रीडिरेक्शन नावाचा पर्याय असतो, त्यात ११५२०० करा, नाहीतर तो पर्यायच बंद करा.

दुसरी जागा ग्रब. डीफॉल्ट ग्रब फाइलमध्ये ग्रब_सिरियल_कमांड या ओळीत लिहायचं: सिरियल --युनिट=० --स्पीड=११५२०० --वर्ड=८ --पॅरिटी=नो --स्टॉप=१, आणि ग्रब_टर्मिनलमध्ये कन्सोल सिरियल. हे केलं नाही तरी डीबगिंग अडत नाही, पण लांबून बूट एंट्री निवडायची असेल तर लागतं.

तिसरी आणि चौथी जागा एकाच ओळीत, कर्नलची कमांड लाइन:

कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२०० नोकेएएसएलआर

केजीडीबीओसी म्हणजे कन्सोलवरून केजीडीबी. ज्या पोर्टवर कन्सोल आधीच सुरू आहे त्यावर केजीडीबीओसीला आकडा दिला नाही तरी चालतं, तो चालू स्पीडच वापरतो, पण मी नेहमी दोन्हीकडे लिहितो, उद्या कोणी कन्सोलचा भाग काढला तर निदान हा आकडा राहतो. दोन्हीकडे वेगळे आकडे मात्र चुकूनही नकोत. शेवटचा तो नोकेएएसएलआर स्पीडचा नाही, पण त्याच्याशिवाय कर्नल दर बूटला मेमरीत वेगळ्या जागी बसतो आणि जीडीबीतले पत्ते जुळत नाहीत, मग माणूस उगाच सिरियललाच दोष देत बसतो. ओळ बदलल्यावर अपडेट-ग्रब चालवायला विसरू नका. रीबूटनंतर /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून खात्री करा, आपण फाइलमध्ये काय लिहिलं यापेक्षा कर्नलला काय मिळालं ते महत्त्वाचं.

पाचवी जागा कोणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे लॉगिन दाखवणारा गेटी. कन्सोल=टीटीवायएस० दिसलं की सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) आपणहून त्या पोर्टवर लॉगिन प्रॉम्प्ट बसवतो. गेटीला स्पीडची यादी दिलेली असते, ११५२००, ५७६००, ३८४००, ९६००, आणि त्याच्यापर्यंत ब्रेक सिग्नल (लाइन एका अक्षरापेक्षा जास्त वेळ खाली दाबून ठेवणं) पोचला की तो यादीतला पुढचा स्पीड घेतो! एके काळी लोक डायल करून यायचे तेव्हाची ती सोय. आपण इकडे कर्नल थांबवायला ब्रेक पाठवतोय आणि तिकडे गेटी स्पीड बदलतोय, वर त्याचा लॉगिन प्रॉम्प्ट जीडीबीच्या पॅकेटमध्ये घुसतो ते वेगळंच. डीबगिंगपुरता बंदच करा: सिस्टिमसीटीएल मास्क सिरियल-गेटी@टीटीवायएस०.सर्व्हिस, आणि मास्कने चालू असलेला थांबत नाही म्हणून एकदा स्टॉपही द्या.

सहावी जागा होस्टवरचा जीडीबी. त्याला स्पीड सांगितला नाही तर तो पोर्टच्या स्पीडला हातच लावत नाही, आधीच्या प्रोग्रॅमने जो ठेवला असेल तोच चालतो. म्हणून "काल चाललं, आज नाही" असं होतं, काल आधी पिकोकॉम उघडला होता, आज थेट जीडीबी.

आधी साधा मजकूर, मग जीडीबी

एकदम जीडीबीवर उडी मारू नका. टार्गेट बूट करा, होस्टवर पिकोकॉममध्ये बूटचे सगळे मेसेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येतात का बघा. मग टार्गेटवर इको करून एक लांब ओळ /डेव्ह/टीटीवायएस० वर पाठवा, आणि दोन-तीनशे केबीची एखादी टेक्स्ट फाइलही कॅट करून सोडा. त्यानंतर टार्गेटवर रूट होऊन /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल वाचा. माझ्याकडे अशी ओळ येते:

०: युएआरटी:१६५५०ए पोर्ट:०००००३एफ८ आयआरक्यू:४ टीएक्स:२८८४१५ आरएक्स:६१२

याच ओळीत पुढे कधी एफई: आणि ओई: दिसतात. एफई म्हणजे फ्रेमिंग एरर, स्टॉप बिट जिथे असायला हवा तिथे सापडला नाही, म्हणजे बहुतेक वेळा स्पीड चुकला. ओई म्हणजे ओव्हररन, स्पीड बरोबर आहे पण चिपची १६ बाइटची फिफो (आलेली अक्षरं ठेवायची रांग) वेळेत रिकामी झाली नाही. फरक लक्षात ठेवा, एफई वाढत असेल तर आकडे जुळवा, ओई वाढत असेल तर स्पीड कमी करा. हे आकडे आलेल्या डेटाचे असतात म्हणून टेस्ट उलट्या दिशेनेही करा, होस्टकडून टार्गेटकडे. इथे आपला गेटी बंद आहे म्हणजे पोर्ट वाचणारं कोणीच नाही, म्हणून आधी टार्गेटवर पोर्टला एसटीटीवाय -एफ ने ११५२०० आणि रॉ द्या, कॅट लावून ठेवा, आणि मगच होस्टवरून फाइल सोडा.

हे झालं की पिकोकॉम बंद करा, कारण एका पोर्टवर दोघं बसले तर अर्धी अक्षरं याला आणि अर्धी त्याला. कन्सोल आणि जीडीबी दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर एजंट-प्रॉक्सी नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो एका सिरियल पोर्टचे दोन टीसीपी पोर्ट करून देतो, एक टर्मिनलसाठी, एक जीडीबीसाठी. रोजचं काम असेल तर तोच वापरा.

आता टार्गेटवर कर्नल थांबवा, रूट म्हणून:

इको जी > /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर

मशीन गोठल्यासारखं होईल, माऊस हलणार नाही, घाबरू नका, तेच पाहिजे होतं. होस्टवर त्याच बिल्डची व्हीएमलिनक्स फाइल (फंक्शनची नावं असलेला कर्नल) घेऊन:

जीडीबी व्हीएमलिनक्स
सेट सिरियल बॉड ११५२००
टार्गेट रिमोट /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

जुन्या पुस्तकांत सेट रिमोटबॉड दिसेल, नव्या जीडीबीत ते नाव गेलं. क्रम महत्त्वाचा आहे, स्पीड आधी आणि टार्गेट नंतर. जोडलं गेलं की बीटी (बॅकट्रेस, कोणत्या फंक्शनमधून कुठे आलो ती यादी) द्या, फंक्शनची नावं ओळखीची दिसली पाहिजेत, मग कंटिन्यू.

आणि नाहीच जोडलं गेलं तर सेट डीबग रिमोट १ करून परत प्रयत्न करा, इथे सगळं उघडं पडतं. प्रत्येक पॅकेट डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं, हॅशने संपतं आणि मागे दोन अक्षरांचा चेकसम. समोरून + आलं तर पोचलं, - आलं तर चेकसम जुळला नाही. काहीच परत येत नसेल तर तार किंवा केजीडीबीओसी सुरूच नाही. परत येतंय पण कचरा येतोय तर स्पीड. बरंचसं नीट आणि मधेच "इग्नोरिंग पॅकेट एरर, कन्टिन्युइंग" येतंय तर बहुतेक दुसरं कोणीतरी त्याच तारेवर बोलतंय, गेटी नाहीतर कर्नलचे स्वतःचे मेसेज, किंवा मघाचा तो साडेतीन टक्क्यांचा प्रकार. अगदी काहीच सुचेना तर दोन्हीकडे ५७६०० करून बघा. ५७६०० ला सुरळीत चाललं तर केबल लांब किंवा हलकी असू शकते.

केजीडीबी कर्नलमध्येच नाही असंही होतं, बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये कॉन्फिग_केजीडीबी आणि कॉन्फिग_केजीडीबी_सिरियल_कन्सोल या दोन्हींपुढे वाय आहे का बघा. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल लॉकडाऊनमध्ये जाऊन डीबगर अडवू शकतो, टेस्टच्या मशीनवर तो बंदच ठेवा.

चुकलेल्या स्पीडची एक गंमत

टार्गेट ११५२०० वर ऐकतोय आणि आपण चुकून ९६०० वर टाइप करतोय. ९६०० चा एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. ११५२०० वर अख्खं अक्षर, दहाच्या दहा बिट, ८७ मायक्रोसेकंदांत संपतं. म्हणजे आपला एकटा स्टार्ट बिटच समोरच्याला पूर्ण अक्षरापेक्षा जास्त वेळ खाली दाबलेली लाइन वाटतो, आणि त्यालाच ब्रेक म्हणतात. लिनक्सच्या सिरियल कन्सोलवर ब्रेक म्हणजे सिसआरक्यूची, कर्नलला थेट हुकूम द्यायच्या सोयीची, हाक, पुढच्या पाच सेकंदांत आलेलं अक्षर हुकूम समजलं जातं, जी म्हणजे डीबगर, बी म्हणजे तडक रीबूट. त्यामुळे चुकीच्या स्पीडवर "चालतंय का" म्हणून कीबोर्ड बडवत बसू नका. उघड्या पडलेल्या आरएक्स पिनेवरही असले खोटे ब्रेक येतात, म्हणून तर कर्नलमध्ये सिरियलवरचं सिसआरक्यू वेगळं बंद करायचा पर्याय ठेवलाय.

अजून वेगात?

एसओसी बोर्ड (जवळपास सगळं एकाच चिपवर असलेला) असेल आणि दोन्ही बाजू करत असतील तर ९२१६०० किंवा १५ लाखही जमतं. पण आधी हे बघा. एफटीडीआय चिपचा अॅडॉप्टर थोडासा डेटा आला की लगेच पुढे पाठवत नाही, १६ मिलिसेकंद थांबतो, अजून काही येतंय का म्हणून. जीडीबीचं बोलणं म्हणजे एक प्रश्न एक उत्तर, एक प्रश्न एक उत्तर. वीस अक्षरांचं उत्तर ११५२०० वर पावणेदोन मिलिसेकंदांत येतं आणि मग अॅडॉप्टरमध्ये १६ मिलिसेकंद बसून राहतं. स्पीड आठपट केला तरी ते १६ तसेच! त्याऐवजी:

इको १ > /सिस/बस/यूएसबी-सिरियल/डिव्हायसेस/टीटीवाययूएसबी०/लेटन्सी_टायमर

स्टेप-स्टेप करताना लगेच फरक जाणवतो. मी ११५२०० च्या वर जात नाही, या एका ओळीनेच काम भागतं.

रास्पबेरी पाय ३ वाल्यांसाठी वेगळी सूचना. त्याच्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवर डीफॉल्टने मिनी युएआरटी (साधी सिरियल चिप) येतो, चांगला पीएल०११ ब्लूटूथला दिलेला असतो, आणि मिनी युएआरटीचा स्पीड कोअरच्या घड्याळावरून निघतो, घड्याळ खालीवर झालं की स्पीडही सरकतो. कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये एनेबल_युएआरटी=१ लिहिलं की घड्याळ २५० मेगाहर्ट्झला बांधलं जातं. त्यापेक्षा डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी करून पीएल०११ च परत घ्या, मग पोर्टचं नाव टीटीवायएएमए० होतं, वरच्या ओळींतही तेच बदला.

विंडोज टार्गेट असेल तर

बिटलॉकर असेल तर आधी सस्पेंड करा, नाहीतर रीबूटला रिकव्हरी की मागेल. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

बीसीडीएडिट /डीबग ऑन
बीसीडीएडिट /डीबीजीसेटिंग्ज सिरियल डीबगपोर्ट:१ बॉडरेट:११५२००

नुसतं बीसीडीएडिट /डीबीजीसेटिंग्ज दिलं की काय सेट झालं ते दिसतं. होस्टवर विंडोजचा डीबगर: विनडीबीजी -के कॉम:पोर्ट=कॉम३,बॉड=११५२०० (कॉम३ च्या जागी तुमचा पोर्ट), मग टार्गेट रीबूट करा आणि कंट्रोल-ब्रेक मारा. इथेही टार्गेटला खरा पोर्ट हवा. चालणारे आकडे तेच, ९६००, १९२००, ३८४००, ५७६००, ११५२००. जुन्या विनडीबीजीत कंट्रोल-ऑल्ट-ए दाबत गेलं की होस्टचा स्पीड एकेक करून बदलतो, टार्गेटला काय ठेवलंय ते आठवत नसेल तेव्हा उपयोगी. व्हर्च्युअल मशीन नेम्ड पाइपने जोडलं असेल तर स्पीड शोधत बसू नका, पाइपला बॉड म्हणजे स्पीडच नसतो.

काम संपलं की कमांड लाइन परत साफ करा. विशेषतः बूटच्या सुरुवातीचा बग पकडायला केजीडीबीओसीच्या नंतर केजीडीबीवेट लावला असेल तर. मी एकदा तो तसाच ठेवून घरी गेलो, रात्री घरून एसएसएचने मशीन रीबूट केलं आणि ते परत वर येईना. सकाळी ऑफिसात जाऊन बघितलं तर बिचारं रात्रभर ११५२०० वर जीडीबीची वाट बघत उभं होतं.